लालासाहेबाच्या विहिरीचा उपसा

रमजान शिकलगारानं दोरीला बांधलेली बाटली लालासाहेबाच्या विहिरीत सोडली. ती पाण्याला टेकली न टेकली तोच त्याच्या पाठीत काठीचा पहिला तडाखा बसला. रमजान पहिलवान गडी, एका काठीनं आडवा होणाऱ्यांतला नव्हता. पण काठावर ओणवं झालेल्या माणसाला मागून मारायचं म्हणजे ते मारणं नव्हे, ढकलणं झालं. तोल जाऊन तो पुढं गेला, एका हातानं दगडाला लोंबकळला, कसाबसा वर आला आणि वर आल्याआल्या समोर जो दिसला त्याचं नरडं धरलं.

तो लालासाहेबाचा सालगडी निघाला. त्याला रमजाननं बांधापलीकडं भिरकावलं. दुसरा अंगावर आला, त्याच्या नाकावर डोकं मारलं. त्याचा सदरा रक्तानं भिजला आणि तो मटकन खाली बसला. तिसरी काठी मात्र खुद्द लालासाहेबाच्या हातात होती.

"सापडलास न्हवं का, चोरा!" लालासाहेब ओरडला. "माझ्या हिरीत पेट्रूल वततोस व्हय? दर सोमवारी बाटली घिऊन येतोस, आन दर सोमवारी पाणी आदल्या खेपंपरास जास्तच घाण मारतंय!"

"वतत न्हाई मालक, पाणी काडतोय! बगा की, बाटली रिकामी हुती!"

"रिकामी हुती तर आत कशाला सोडतोस?"

आता ह्या माणसाला काय सांगणार? रमजान सांगायला गेला आणि त्याच्या कपाळावर काठी बसली. कपाळ फुटलं. पुढचा तडाखा पडायच्या आत आकाराम मध्ये घुसला आणि तो त्यानं आपल्या दंडावर झेलला. विहिरी उपसून गाळ काढायचा हा आकारामचा धंदा, आणि त्या दिवशी तो ह्याच विहिरीचा अंदाज घ्यायला आला होता.

"मालक, मरंल की त्यो! सोडा!"

"तुजा दोस्त हाय म्हणून सोडू?"

"व्हय, दोस्त हाय म्हणूनच सोडा. न्हाईतर गाळ काडायला दुसरा गडी बगा."

ऐन उन्हाळ्यात विहिरीत उतरणारा गडी हुडकायचा म्हणजे काय, ते लालासाहेबाला ठाऊक होतं. त्यानं काठी खाली घेतली. पण रागानं लाल झालेला तो चेहरा काही निवला नाही.

"पुन्यांदा ह्या बांधावर दिसलास तर मुडदा पाडीन," तो रमजानला म्हणाला. ही नुसती धमकी नव्हती. लालासाहेब बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता.

रमजान आणि आकाराम एका तालमीतले. वस्तादांनी त्यांची जोड लावली तेव्हा दोघांना मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून एकमेकांच्या अंगातलं हाड न् हाड ओळखीचं. रमजानला आकाराम कधी चीत झाला नाही आणि त्याचं रमजानला कधी वाईट वाटलं नाही. जत्रेत आकारामनं कुस्ती मारली की आपला पटका आभाळात फेकणारा पहिला तोच. पुढं लग्नं झाली, तालीम सुटली. आकाराम बापाच्या धंद्यात गेला आणि रमजान बोरजाईवाडी फाट्यावर भाऊसोच्या पेट्रोल पंपावर लागला.

पंप कराड-विटा रस्त्याच्या कडेला उंचावर, आणि लालासाहेबाची विहीर त्याच्या खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्यांनीच विहिरी खोल नेल्या. लालासाहेबानंही सुरुंग लावले. पाणी लागलं, पण सुरुंगांनी खडकाला चिराही पाडल्या. भाऊसोच्या पंपाची टाकी जमिनीत पुरलेली, ती कुठंतरी गंजून गळायला लागली आणि पेट्रोल त्या चिरा धरून निवांत खाली उतरलं. पाण्याला वास आला. गुरं तोंड लावीनात. भाऊसो आणि लालासाहेब ह्यांचं सोसायटीच्या निवडणुकीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळं कुणीतरी मुद्दाम पेट्रोल ओततंय हे लालासाहेबाच्या डोक्यात लगेच बसलं. टाकी गळते हे काही बसलं नाही.

कंपनीचा साहेब सांगलीहून जीपमधून आला होता. नाकाला रुमाल लावून विहिरीत डोकावला आणि भाऊसोला हुकूम सोडून गेला. दर सोमवारी आसपासच्या विहिरींचं वरवरचं पाणी बाटलीत घ्या, बाटल्या सांगलीला पाठवा, पाण्यावर तवंग किती येतो ते बघू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! बाटल्या भरायचं काम रमजानच्या गळ्यात पडलं. त्या सांगलीला कधी गेल्याच नाहीत. भाऊसो त्या पंपामागच्या एरंडाच्या बुडात ओतायचा. एरंड वाळून गेला. तवंग दिसला तर कंपनी पंपाला कुलूप लावील हे भाऊसोला पक्कं माहीत होतं, आणि पंपाला कुलूप म्हणजे आपल्या चुलीवर पाणी हे रमजानला. म्हणून दोघंही गप्प होते.

त्या दिवशी ओढ्याच्या काठावर आकाराम रमजानचं कपाळ धूत होता, तेव्हा मात्र रमजाननं तोंड उघडलं.

"टाकी गळतीया गड्या. कुणी काय वतत न्हाई."

"मग सांग की मालकाला."

"त्यो ऐकतोय व्हय? आन भाऊसो दुसऱ्या दिशी हाकलंल मला."

आकारामनं जखमेवर हळद दाबली. "ऱ्हाऊ दे. उद्या इंजान लावतोय. सगळं पाणी उपसून काडू, गाळबी काडू. हिर सोच्छ झाली की मालकाचं डोस्कंबी थंड हुईल."

"वास लय उग्र हाय. जपून. कंदील सोडल्याबिगर उतरू नगंस."

"ते तू मला सांगतोस?" आकाराम हसला.

त्याला ते सांगायची खरंच गरज नव्हती. आकारामचा बाप एका पडीक आडात कंदील न सोडता उतरला होता. आतल्या कोंडलेल्या हवेनं तो तळाला पोचायच्या आधीच दोराला लोंबकळत मेला, आणि तो दोर वर आकारामच्याच हातात होता. तेव्हापासून आकारामनं कंदील सोडल्याशिवाय कुठल्याही विहिरीत पाय घातला नव्हता. जळता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर हवा चांगली, विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही. ह्या भागातले सगळेच गाळकाढे हे करतात, पण आकारामइतका हट्टानं कुणी करत नसे. लोक त्याची टिंगल करायचे. टिंगल करणारे सगळे काठावर उभे असत, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लालासाहेबाच्या विहिरीवर इंजिन धडधडत होतं. उपसलेलं पाणी पाटानं ओढ्याकडं चाललं होतं. ऊन चढलं तसा भाऊसोचा जीव खालीवर व्हायला लागला. पाण्याबरोबर काय काय बाहेर पडतंय ते बघायला तो रमजानला घेऊन ओढ्यावर आला. तिथं माण तालुक्यातला एक धनगर मेंढरं बसवून होता. दुष्काळापासून ही माणसं चाऱ्याच्या मागं खाली येत, त्यात नवल नव्हतं. त्यानं बिडी पेटवली आणि काडी पाण्यात टाकली.

पाणी पेटलं.

रमजाननं आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. पाण्यावरून निळसर जाळ सळसळत गेला, पाटात शिरला आणि उलटा वरच्या अंगाला धावला. काठावरच्या मेंढरांच्या लोकरीनं पेट घेतला. ती बिचारी ओरडत एकमेकांवर आदळायला लागली, एकाच्या लोकरीतला जाळ दुसऱ्याला लागला. धनगर घोंगडं घेऊन त्यांच्या अंगावर पडला, त्याचे हात भाजले, तरी तो मेंढराला मिठी मारून वाळूत लोळत होता. पाटातला जाळ थोडा वर गेला आणि पाणी तुटलं होतं तिथं थांबला. वरून पाणी येतच नव्हतं. इंजिनाचा आवाज बंद झाला होता.

इंजिन बंद झालं म्हणजे विहीर उपसून झाली. आणि विहीर उपसून झाली म्हणजे आता कंदील.

रमजाननं भाऊसोचा दंड धरला. "भाऊसो, आकाराम कंदील सोडंल!"

भाऊसोनं त्याची गचांडी धरली. "गप ऱ्हा. धनगराचं मी बगतो. तू पंपावर जा."

"आवं, हिरीत हाच जाळ हुईल! माणसं मरतील!"

"लालासाबाची हिर हाय," भाऊसो म्हणाला. "जे व्हायचं ते त्येच्या हिरीत हुईल. आपल्या टाकीचं नाव कुणी घेणार न्हाई."

रमजाननं मूठ वळली आणि भाऊसोच्या जबड्यावर हाणली. भाऊसो ओढ्याच्या चिखलात उताणा पडला, तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले. उठायला लागला तशी रमजाननं त्याच्या छातीवर लाथ घातली. इतक्या दिवसांची चीड त्या लाथेत होती, आणि तिच्यातली अर्धी खरं तर त्याची स्वतःवरचीच होती. नोकरी गेली हे त्याला कळलं आणि त्यानं विहिरीकडं धाव घेतली.

विहिरीवर आकाराम लंगोट लावून, कमरेला दोर बांधून उभा होता. त्याची बायको बनुबाई भाकरी घेऊन आली होती, ती बाभळीखाली बसली होती. लालासाहेब आणि त्याचे गडी काठावर. कंदील पेटलेला होता आणि आकाराम त्याच्या कडीला दोरी बांधत होता.

"इझवा त्यो!" रमजान बांधावरूनच ओरडला. "कंदील इझवा! आत पेट्रूल हाय!"

गड्यांनी काठ्या उचलल्या. आदल्या दिवशी नाक फुटलेला सगळ्यांत पुढं होता. त्यानं रमजानच्या मांडीवर काठी घातली, दुसऱ्यानं खांद्यावर. रमजाननं एकाला खांद्यावर घेऊन आपटलं, दुसऱ्याची काठी हिसकून गुडघ्यावर मोडली, आणि थेट कंदिलावर झेप घेतली. कंदील हिसकून त्यानं लांब ढेकळांत फेकला. काच फुटली, ज्योत मातीत विझली.

"ओढा पेटलाय!" तो धापा टाकत म्हणाला. "पाटातनं पाणी पेटत आलं! धनगराची मेंढरं जळाली, जाऊन बगा!"

"तूच लावली असशील आग," लालासाहेब म्हणाला.

"आकाराम, तू तरी ऐक. उतरू नगंस."

"आरं, पाणी सगळं उपसलं की," आकाराम म्हणाला. "तळाला गुडघाभर बी न्हाई."

"त्या गुडघाभरावरच हाय समदं! इंजान पाणी खालनं वडतंय. पेट्रूल वर तरंगतंय, पाण्यासंगट ते बी खाली गेलं. शेवटाला जरासं पाटात आलं, तेच पेटलं. खाली भरलंय बग!"

"मग कंदील न सोडता उतरू म्हणतोस?" आकारामचा आवाज चढला. "माज्या बापावानी?"

"उतरूच नगंस म्हणतोय!"

लालासाहेबानं इंजिनाच्या खोपीतला दुसरा कंदील मागवला. "आकाराम, उतरतोस का दोस्ताला भ्यालास? सांग. गावात दुसरी माणसं हायती."

असं बोललं की पहिलवान माणसाचं डोकं काम करायचं थांबतं. आकारामनं मांडीवर थाप मारली. "उतरतो, मालक. पेटवा कंदील."

रमजाननं लालासाहेबाच्या हातातल्या कंदिलाकडं पाहिलं. हाही फोडला तर तिसरा येईल, घरोघर कंदील आहेत. बोलून काही होत नाही हे त्याला दिसलं. मग त्यानं आकारामच्या कमरेला मिठी घातली.

आकारामला आधी ती चेष्टाच वाटली असावी. मग वाटली नाही. दोघं मातीत पडले. आकारामनं अंग चोरलं, नेहमीसारखा सुळकन निसटला आणि रमजानच्या तोंडावर कोपर मारलं. रमजानचा ओठ फाटला. त्यानं पुन्हा पट धरला, आकारामनं त्याची मान आवळली, इतकी की रमजानच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. सरळ कुस्तीत आकाराम त्याला कधी सापडला नव्हता, आताही सापडला नसता. म्हणून रमजाननं ते केलं ज्याच्यासाठी वस्तादांनी एका पोराला तालमीतून कायमचं हाकलून लावलं होतं. आकारामचा पाय काखेत धरून तो गुडघ्यावर बसला आणि सगळ्या अंगाचा भार देऊन त्यानं तो उलटा पिरगळला.

वाळलेली फांदी मोडल्यासारखा कडाडकन आवाज झाला. आकाराम असा ओरडला की बाभळीवरचे कावळे उठले.

बनुबाईनं हातातली भाकरी टाकली, दगड उचलला आणि रमजानच्या डोक्यात घातला. "मेल्या, माझ्या घराला खाल्लंस! भाऊ म्हणत हुते तुला!" गडी तुटून पडले. बरगड्यांवर, पाठीवर, नडग्यांवर काठ्या पडत होत्या. रमजाननं हात उगारला नाही. आकारामच्या काखांत हात घालून तो मागं मागं सरकत होता, विहिरीपासून लांब, बांधाच्या पलीकडं. मार खातखात त्यानं त्याला ओढत नेला. एका काठीनं त्याच्या हाताची बोटं मोडली, तरी त्यानं काख सोडली नाही. बनुबाई नवऱ्याच्या दुसऱ्या हाताला झोंबत, रडत, शिव्या देत त्यांच्याबरोबर फरफटत आली.

लालासाहेब पेटलेला कंदील हातात घेऊन काठावर एकटाच उभा होता. इथं मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढं ती सांगायला तो राहिला नाही. तो थबकला होता. जिवाभावाच्या दोस्ताचा पाय मोडण्यापर्यंत माणूस जातो म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं विहिरीत पाहिलं, हातातल्या कंदिलाकडं पाहिलं, आणि मग आकारामकडं पाहिलं. विहिरीचं ज्याला कळतं त्या माणसाला तो नजरेनं विचारत होता.

आकाराम वेदनेनं आणि रागानं वेडा झाला होता. "सोडा, मालक!" तो बांधापलीकडून ओरडला. "सोडा कंदील! जळत जातोय का न्हाई दावा ह्या हरामखोराला!"

लालासाहेबानं कंदील सोडला.

दोरी निम्मीही सुटली नसेल. विहिरीतून धाडकन आवाज आला, पायाखालची जमीन हादरली आणि विहिरीच्या तोंडाएवढा जाळ आभाळात चढला. काठाचे दगड उडाले. गडी जिथं होते तिथं आडवे झाले, एकाचे केस पेटले. लालासाहेब फेकला गेला तो इंजिनावर आदळला, आणि तिथून उठला. धोतर, पटका, मिशा, सगळं पेटलेलं. तसाच तो चार पावलं चालला, हात पुढं करून, डोळ्यांनी काही दिसत नसल्यासारखा, आणि आपल्याच शेतात कोसळला. बांधापलीकडं रमजान आकारामवर पालथा पडला होता. त्याच्या पाठीवर ढेकळं आणि पेटत्या गवताच्या काड्या येऊन पडत होत्या.

रस्त्यावरून जाणारा एक मालट्रक थांबवून लोक सगळ्यांना सांगलीला न्यायला निघाले. लालासाहेब विट्यापर्यंतही टिकला नाही. त्याच ट्रकात, त्याच्या शेजारी, रमजान आणि आकाराम पडले होते आणि आकारामनं वाटभर त्या मेलेल्या माणसावरची नजर काढली नाही.

दवाखान्यात आकारामच्या पायाला वजन बांधून तो टांगून ठेवला. डॉक्टर म्हणाले चालता येईल, पण दोरावरून उतरणं आता विसरा. रमजान त्याच वॉर्डात, बरगड्या आवळून बांधलेल्या, हाताला पट्ट्या, आणि खाटेशेजारी हवालदार. लालासाहेबाच्या भावानं फिर्याद दिली होती की शिकलगारानं आधी पाय मोडला आणि मग विहीर पेटवली. फौजदार चौकशीला आला.

"पाय कुणी मोडला?"

"ह्येनं," आकारामनं रमजानकडं बोट केलं. "मोडला म्हणून हितं बोलतोय. माजी तक्रार न्हाई."

"आणि विहीर कुणी पेटवली?"

बनुबाई उशाशी बसली होती, तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. आकारामनं तो झटकला.

"म्या, सायेब."

"तू तर बांधापलीकडं पाय मोडून पडला होतास."

"मालक थांबलं हुतं. सोडत नव्हतं. माज्याकडं बगितलं त्यांनी. म्या म्हनलं सोडा. माज्या तोंडानं म्हनलं. लिवून घ्या."

फौजदारानं पेन्सिल खिशात ठेवली. चांगला माणूस होता, आवाज खाली आणून बोलला. "असा काही गुन्हा नसतो बाबा. पंपवाल्या भाऊसोला सासुरवाडीतून धरून आणलंय, टाकी उकरायला माणसं लावलीत. गुन्हा त्याचा. तू कशाला अंगावर ओढून घेतोस?"

"मग ह्ये कुणाला सांगू?" आकारामनं विचारलं.

फौजदारानं टोपी डोक्यावर घातली. हवालदाराला रमजानपासून उठवून घेऊन तो निघून गेला.

रमजान खाटेवरून उतरला. बरगड्या धरत, भिंतीला टेकत आकारामपाशी आला आणि खाली बसला. काठ्या खाताना तो रडला नव्हता, आता त्याला रडू आवरेना. आकारामही रडत होता. बनुबाईनं दोघांकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती व्हरांड्यात गेली.

मग आकाराम बोलला, आणि त्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. "माजा पाय मोडलास, बरं केलंस. पर मालकाचा हात बी मोडायचा हुतास रं, रमजान."

रमजान तरी काय सांगणार? विहिरीवर पाच-सहा माणसं होती, पण त्या वेळी त्याला एकच दिसत होता. त्यानं आकारामचा हात हातात घेतला आणि तो तसाच बसून राहिला.